कारखान्यातील डेटा केबललाही नकाशा, चाचणी आणि जबाबदार हात हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंदे या नाशिकभोवतीच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत पीएलसी (यंत्राला आदेश देणारा औद्योगिक संगणक), ड्राइव्ह (मोटरचा वेग ठरवणारे उपकरण), ऑपरेटरसमोरचा पडदा आणि सीएनसी यंत्रे आता मोठ्या प्रमाणावर इथरनेटच्या केबलने एकमेकांना जोडली जात आहेत. मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून प्रत्येक सुट्या भागाच्या उत्पादनाचा माग मागू लागल्यापासून अगदी लहान वर्कशॉपमध्येही यंत्रांकडून माहिती गोळा करण्याची सोय करावी लागते आणि ती बहुधा याच केबलवरून होते. कार्यालयातील संगणकाला लागणारी आरजे-४५ची पिन कंट्रोल पॅनेलमध्येही दिसत असल्यामुळे हे काम सोपे आणि कोणालाही जमण्यासारखे आहे, असा समज पसरला आहे. तो समज कारखानदारांचे आणि कामगारांचेही नुकसान करतो आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पॅनेलमध्ये येणारी ४१५ व्होल्टची केबल ओढायची असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदार लागतो. तिचे आरेखन केले जाते, मेगर या रोधमापकाने तिच्या इन्सुलेशनची चाचणी होते, अर्थिंगचा रोध मोजून नोंदवहीत लिहिला जातो आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर कोणाची तरी सही असते. तिच्या शेजारून जाणारी डेटा केबल मात्र ज्याच्याकडे क्रिम्पिंगचे हत्यार असेल तो ओढतो, टोकाला लागलेला हिरवा दिवा लुकलुकला की काम झाले असे मानले जाते आणि ती केबल कोठून कोठे गेली याचा कागद कोणाकडेच उरत नाही. वास्तविक यंत्र थांबवण्याची आणि चुकीच्या वेळी चालू करण्याचीही ताकद आज या दुसऱ्या केबलमध्ये आहे. नाशिकमध्ये कंट्रोल पॅनेल आणि यंत्रांच्या जोडणीचे काम करताना ही तफावत मी सातत्याने पाहत आलो आहे.

ही तफावत का धोक्याची आहे हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पूर्वी प्रत्येक सेन्सरची तारांची स्वतंत्र जोडी पॅनेलपर्यंत येत असे. ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहाने तापमान, दाब किंवा पातळी कळवली जाई आणि मोजमापाचा तळ ४ मिलिअँपिअर धरलेला असल्यामुळे प्रवाह शून्यावर आला की तार तुटली आहे, हे वायरमनला ताबडतोब समजत असे. एक तार गेली तर एकच मोजमाप जाई. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची मॉडबस ही पद्धत आणली, पुढे ती आरएस-४८५ या मानकाच्या तारांच्या एका जोडीवर चालू लागली आणि अनेक उपकरणांचे बोलणे त्या एका जोडीवर आले. इथरनेटने तीच वाट बरीच पुढे नेली. पॅनेलमधील तारांचे जुडगे कमी झाले, नवे उपकरण जोडणे सोपे झाले, बिघाडाची माहिती पडद्यावर वाचता येऊ लागली. हे सगळे खरोखर मोलाचे आहे आणि त्याला माझा विरोध नाही. परंतु जिथे एक तार तुटल्याने एक मोजमाप जात होते, तिथे आता एक पिन सैल झाल्याने संपूर्ण लाइन उभी राहते.

त्यात इथरनेट मुळात कारखान्यासाठी जन्मलेले नाही. १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते घडवायला घेतले ते कार्यालयातील संगणक आणि छपाईयंत्रे जोडण्यासाठी, आणि १९८३ मध्ये त्याचे आयईईई ८०२.३ हे मानक आले. त्या काळच्या रचनेत सगळे संगणक एकाच केबलवर असत. दोघे एकाच वेळी बोलले तर संदेशांची टक्कर होई आणि दोघेही यादृच्छिक काळ थांबून पुन्हा प्रयत्न करीत. कार्यालयात असे थोडे थांबल्याने काहीही बिघडत नाही. पण दोन सर्व्हो मोटरींनी एकमेकींशी ताळमेळ राखून फिरायचे असेल तर संदेश पोहोचणे पुरेसे नसते, तो ठरलेल्या क्षणी पोहोचावा लागतो. म्हणूनच कंट्रोल क्षेत्रातील अभियंते बराच काळ इथरनेटपासून दूर राहिले.

पुढे स्विच, म्हणजे अनेक केबली जोडून प्रत्येक संदेश ज्याच्या त्याच्याकडे वळवणारी पेटी, आले, प्रत्येक उपकरणाला ये-जा करण्याच्या स्वतंत्र वाटा मिळाल्या आणि टकरी संपल्या. रांग मात्र संपली नाही, आणि आपल्याकडील पुष्कळसे बिघाड या रांगेतच दडलेले असतात. १०० मेगाबिट वेगाच्या केबलवरून पूर्ण लांबीची एक फ्रेम, म्हणजे संदेशाचे एक पाकीट, जायला सुमारे १२० मायक्रोसेकंद लागतात. ड्राइव्हला जाणारा छोटासा आदेश अशा एका मोठ्या फ्रेमच्या मागे अडकला तर त्याला तेवढा वेळ थांबावे लागते, आणि एकामागे एक असे सात-आठ स्विच ओळीने लावलेले असले तर प्रत्येक ठिकाणी पुन्हा थांबण्याची वेळ येऊ शकते. दर ४ मिलिसेकंदांनी ताजी माहिती लागणाऱ्या कन्व्हेयरला या विलंबाचा पत्ताही लागणार नाही. दर २५० मायक्रोसेकंदांनी आदेश मागणाऱ्या सर्व्होची मात्र यात वाट लागते. त्यावर उपाय म्हणून प्रोफिनेट या औद्योगिक इथरनेटच्या पद्धतीतील संदेशावर अग्रक्रमाची खूण असते आणि चांगला स्विच ती वाचून त्या संदेशाला रांगेत पुढे घेतो. स्वस्तातला घरगुती स्विच ती खूण पाळेलच, याची हमी कोणी देत नाही. त्याच स्विचवर कोणीतरी सीसीटीव्हीचे कॅमेरे जोडले की ड्राइव्ह अधूनमधून ट्रिप होऊ लागतो आणि मग मोटर, ड्राइव्ह, पीएलसी असे सगळे बदलून होते, पण कॅमेऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

वेळेचा हा प्रश्न वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या प्रकारे सोडवला आहे आणि यंत्र विकत घेणाऱ्याने त्यातील फरक निदान ढोबळमानाने जाणून घ्यायला हवा. इथरनेटवर चालणारी मॉडबस, म्हणजे मॉडबस टीसीपी, अगदी साधी आहे: विचारले की उत्तर मिळते. वीजमापके, कॉम्प्रेसर, दिंडोरी आणि विंचूरकडच्या वायनरींतील टाक्यांचे तापमान, अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींसाठी ती उत्तम आहे. वेगवान गतीसाठी ती बनलेलीच नाही. इथरनेट/आयपी ही पद्धत संगणकांच्या नेटवर्कमधील नेहमीच्या टीसीपी आणि यूडीपी या नियमांवरच चालते, पण त्यातील काही संदेश एकाच वेळी अनेकांना जातात आणि ते ज्याचे त्यालाच मिळावेत यासाठी आयजीएमपी स्नूपिंगची (कोणता संदेश कोणाला हवा हे ओळखण्याची) सोय असलेला मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लागतो. तो नसेल तर नको ते संदेश प्रत्येक उपकरणाच्या दारात जाऊन आदळतात. प्रोफिनेटचा आरटी हा प्रकार मधले टीसीपी-आयपीचे थर वगळून थेट जातो, तर आयआरटी या प्रकारात प्रत्येक चक्रातील काही वेळ कंट्रोलच्या संदेशांसाठी राखून ठेवलेला असतो आणि त्यातील चढउतार १ मायक्रोसेकंदाच्या आत राहतो.

बेकहॉफ या जर्मन कंपनीने २००३ मध्ये आणलेल्या इथरकॅटची रीत सगळ्यांहून निराळी आहे. तिथे एकच फ्रेम सगळ्या उपकरणांतून न थांबता पुढे जाते. पंगतीत वाढपी पात्र घेऊन पुढे सरकत असावा आणि प्रत्येकाने त्याच्या चालण्यात खंड न पाडता आपल्या नावाचा घास उचलून आपला निरोप त्या पात्रात ठेवावा, तसे हे काम चालते. त्यामुळे या मार्गावर मध्येच साधा स्विच घुसवणे किंवा जागा रिकामी दिसली म्हणून कोणाचा लॅपटॉप जोडणे चालत नाही.

या चारही पद्धतींना वरून तीच पिन बसते आणि तरी एक दुसरीचे बोलणे समजू शकत नाही. आपल्याकडे यंत्र घेताना, विशेषतः परदेशातून आलेले वापरलेले यंत्र घेताना, ‘इथरनेट पोर्ट आहे ना?’ एवढेच विचारले जाते आणि विक्रेता होकार देतो. यंत्र कारखान्यात उतरल्यावर ते आपल्या पीएलसीशी बोलत नाही असे आढळते, मग मध्ये दुभाष्याचे काम करणारा गेटवे बसवावा लागतो, त्याचे प्रोग्रॅमिंग करणारा माणूस शोधावा लागतो आणि बँकेचे हप्ते सुरू झालेले यंत्र तोवर झाकून ठेवलेले असते. खरेदीच्या आदेशात कोणती पद्धत, किती मिलिसेकंदांचे चक्र आणि पीएलसीला यंत्राची ओळख करून देणारी कोणत्या आवृत्तीची फाइल, या तीन गोष्टी लिहून मागितल्या तर ही वेळ येत नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूंविषयी. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीपर्यंत जातो आणि पत्र्याच्या शेडमधील बंद पॅनेलच्या आत त्याहून किती तरी अधिक उष्णता साठते. घरगुती वापराचा प्लॅस्टिकचा स्विच बहुधा ४० अंशांपर्यंतच चालवायचा असतो, त्याला बाहेरचा अडॅप्टर लागतो आणि तो अडॅप्टर पॅनेलमधल्या सॉकेटमध्ये सैल लटकत राहतो. औद्योगिक स्विच डिन रेल या धातूच्या पट्टीवर घट्ट बसतो, पॅनेलमधीलच २४ व्होल्टवर चालतो, चांगल्या स्विचला दोन वेगवेगळ्या सप्लायमधून वीज देता येते आणि तो ६० अंशांपर्यंत, काही प्रकारांत त्याहूनही अधिक तापमानात, टिकतो. दोन्हींच्या किमतीतील फरक दिसताना मोठा वाटतो, परंतु एका शिफ्टचे उत्पादन बुडाल्याच्या तुलनेत तो किरकोळ आहे, आणि हा हिशेब एकदा मांडून दाखवला की मालकांना तो पटतो, असा माझा अनुभव आहे.

केबलचेही तसेच आहे. तांब्याच्या केबलला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरची मर्यादा आहे आणि पॅच कॉर्डची, म्हणजे टोकांना लावायच्या छोट्या जोडकेबलींची, लांबीही त्यातच धरायची असते. व्हीएफडीकडून, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हकडून, मोटरकडे जाणारी केबल आणि डेटा केबल एकाच ट्रेमध्ये एकमेकींना चिकटून टाकल्या तर ड्राइव्हच्या स्विचिंगचा उपद्रव डेटात शिरतो. दोन्हींत अंतर ठेवावे किंवा मध्ये अर्थ केलेला धातूचा पडदा असावा. शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) असलेली केबल घेऊन तिचे शील्ड कोठेच न जोडणे हा पैशाचा अपव्यय आहे, आणि दोन्ही टोकांना जोडायचे तर दोन्ही पॅनेलांचे अर्थिंग आधी एकमेकांशी नीट बांधलेले हवे, नाही तर शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो. यंत्राच्या हलत्या भागावर, केबलला सोबत वळवत नेणाऱ्या ड्रॅग चेनमध्ये, भिंतीतून ओढायची कडक केबल वापरली की काही महिन्यांत तिच्या आतल्या तारा तुटतात आणि बिघाड असा येतो की यंत्राचा हात एका विशिष्ट जागी गेला की संपर्क जातो, परत आला की जुळतो. कूलंट आणि तेलाचे तुषार उडतात तिथे प्लॅस्टिकच्या पिनऐवजी फिरवून घट्ट करायचे एम-१२ कनेक्टर असावेत. या गोष्टी उपकरणांच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेल्या असतात, पण त्या पुस्तिका पॅनेलच्या दारामागच्या खणात न उघडता पडून राहतात.

सिन्नरजवळील एका कारखान्यात घडलेली एक घटना येथे सांगणे उचित ठरेल. रात्रपाळीत अचानक संपूर्ण लाइन थांबली, पडद्यांवर सगळ्याच उपकरणांचा संपर्क तुटल्याचे संदेश आले आणि पहाटेपर्यंत ड्राइव्हपासून पीएलसीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी कारण सापडले ते एका पॅच कॉर्डमध्ये. पॅनेल साफ करताना एका कॉर्डचे मोकळे टोक लोंबते आहे असे पाहून कोणीतरी सद्हेतूने ते त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचले होते. त्यामुळे लूप तयार झाला, सर्वांसाठी असलेला प्रत्येक संदेश त्यात गोल फिरत आणि वाढत राहिला आणि उपकरणांना त्याखाली श्वास घ्यायलाही जागा उरली नाही. त्या कामगाराला दोष देण्यात काहीच अर्थ नाही. कॉर्डवर क्रमांकाची पट्टी नव्हती, रिकाम्या पोर्टला टोपण नव्हते आणि लूप ओळखून पोर्ट बंद करण्याची क्षमता त्या स्विचमध्ये नव्हती. वीजवाहक तारेबाबत आपण इतकी मोकळीक कधीच ठेवत नाही.

याच्या उलट बाजूचा अनुभवही येतो. काही ठिकाणी एक केबल तुटली तरी काम चालू राहावे म्हणून मुद्दाम केबलींची रिंग केली जाते. प्रोफिनेटमध्ये त्यासाठी एमआरपी ही व्यवस्था आहे; ५० उपकरणांपर्यंतच्या रिंगमध्ये ती २०० मिलिसेकंदांच्या आत दुसरा मार्ग उघडते. परंतु उपकरणाचा वॉचडॉग (संदेश न आल्यास संपर्क तुटला असे मानण्याची मुदत) बहुधा तीन चक्रांचा ठेवलेला असतो, म्हणजे २ मिलिसेकंदांच्या चक्राला केवळ ६ मिलिसेकंद. रिंग आपला नवा मार्ग शोधेपर्यंत ड्राइव्हने संपर्क तुटला असे मानून मोटर थांबवलेली असते. रिंगसाठी पैसे मोजले, जादा केबल ओढली आणि प्रत्यक्ष प्रसंगी तिचा काही उपयोग झाला नाही, असे यातून घडते. प्रक्रियेला चालत असेल तर तो वॉचडॉग २०० मिलिसेकंदांच्या वर न्यावा लागतो आणि चालत नसेल तर एकाच वेळी दोन्ही वाटांनी संदेश पाठवणारी पीआरपी किंवा एचएसआरसारखी महागडी व्यवस्था घ्यावी लागते. रिंग जोडून झाल्यावर, उत्पादन सुरू होण्याआधी, एक केबल हाताने काढून यंत्र चालू राहते की नाही हे पाहणे ही तर अगदी साधी चाचणी आहे. ती लेखी स्वरूपात केलेली मला क्वचितच पाहायला मिळते.

दोन शेडमधील जोडणीबाबत एवढेच सांगतो की तिथे ऑप्टिकल फायबरच वापरावा. मे-जूनमधील वळिवाच्या गडगडाटात जवळपास वीज पडली की दोन शेडच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तांब्याची केबल तो फरक थेट दोन्हीकडच्या पोर्टवर नेऊन सोडते. पावसाळ्याच्या तोंडावर पोर्ट जळाल्याच्या तक्रारी वाढतात, त्यांचे एक मोठे कारण हे आहे.

पत्त्यांचा घोळ हा आणखी एक नित्याचा प्रश्न. यंत्र बनवणारे आपल्या प्रत्येक यंत्राला तोच ठरावीक आयपी पत्ता घालून पाठवतात. पहिले यंत्र आले तेव्हा ते एकटेच होते, म्हणून काही अडले नाही. दुसरे तसेच यंत्र आले आणि दोन्ही एका स्विचवर जोडली गेली की कधी याचा आदेश त्याला जातो, कधी दोघेही गप्प होतात. एखाद्या वहीत प्रत्येक उपकरणाचे नाव, पत्ता, स्विचचा क्रमांक आणि पोर्ट लिहून ठेवले तर हा प्रश्न उद्भवतच नाही. अनेक कारखान्यांत ही माहिती ज्या एका इंजिनिअरच्या डोक्यात असते, तो नोकरी सोडून गेला की तिच्यासह जातो.

सुरक्षेचा मुद्दा मी शेवटी घेत असलो तरी तो गौण नाही. मॉडबस टीसीपीमध्ये परवलीचा शब्द असा प्रकारच नाही. ५०२ क्रमांकाच्या पोर्टपर्यंत जो पोहोचला तो मोटरचा वेग वाचूही शकतो आणि बदलूही शकतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या संगणकीय विषाणूने इराणमधील नतान्झ येथील सेंट्रिफ्यूजचा वेग पीएलसीमार्फत बिघडवला आणि त्याच वेळी पडद्यावर सगळे सुरळीत असल्याचे दाखवले. तो प्रसंग दूरचा वाटत असेल तर जून २०१७ आठवावा. त्या महिन्यात नॉटपेट्या या सायबर हल्ल्यामुळे आपल्याच राज्यातील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम कोलमडले होते, आणि नाशिकचा निर्यातीचा माल त्याच बंदरातून जातो. मार्च २०१९ मध्ये अशाच सायबर हल्ल्यामुळे नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या अॅल्युमिनियम कंपनीला काही कारखाने हाताने चालवण्याची वेळ आली होती.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील चित्र काळजी वाटावी असेच आहे. कित्येक यंत्रांच्या पडद्यामागे अजून विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ आहे. त्यांपैकी पहिल्याला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे एप्रिल २०१४ मध्ये आणि दुसऱ्याला जानेवारी २०२० मध्ये थांबले. यंत्र बदलणे परवडत नाही म्हणून हे संगणक चालू ठेवावे लागतात, हे मी समजू शकतो. पण मग ते कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवण्याची जबाबदारी अधिकच वाढते. प्रत्यक्षात टॅलीचा संगणक, पाहुण्यांचे वाय-फाय, कॅमेरे आणि पीएलसी असे सगळे एकाच स्विचवर असतात. यंत्र बनवणाऱ्याने दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून बसवलेला सिमकार्डचा राउटर पॅनेलमध्ये अहोरात्र चालू असतो आणि कारखान्यातील कोणालाही त्याचा पासवर्ड माहीत नसतो. औद्योगिक यंत्रणांच्या सायबर सुरक्षेच्या आयईसी ६२४४३ या मानकाचे सार लहान कारखान्यापुरते सांगायचे तर उपकरणांचे गट पाडावेत, दोन गटांत एकच आणि राखणीचा दरवाजा ठेवावा आणि त्यातून कोण जाऊ शकते हे लिहून ठेवावे. दुरुस्तीच्या राउटरचा सप्लाय एका चावीच्या स्विचवर घेऊन ती चावी शिफ्ट इन्चार्जकडे ठेवली, तर बाहेरचा माणूस केव्हा आत आला आणि केव्हा गेला, हे कारखान्याच्या हातात राहते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. आपल्या नेटवर्कवर काय काय जोडले आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने सहा तासांत काय कळवावे?

यावर उपाय म्हणून आणखी एक परवाना किंवा आणखी एक इन्स्पेक्टर असावा, असे मी मुळीच सुचवत नाही. लघुउद्योजकाच्या दारात तपासणीसाठी येणारे पुरेसे आहेत. माझे म्हणणे असे आहे की ही शिस्त खरेदीच्या आदेशातून आणता येते आणि ती आणण्याची ताकद उद्योजकांच्या स्वतःच्याच संघटनांत आहे. निमा आणि आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांनी मिळून मराठीत दोन-तीन पानांचा एक नमुना करार तयार करावा, जो कोणताही सभासद पॅनेल बनवणाऱ्याला किंवा यंत्र पुरवणाऱ्याला देऊ शकेल. काम पूर्ण झाल्याचे बिल मंजूर होण्यापूर्वी नेटवर्कचा नकाशा, पत्त्यांची यादी, प्रत्येक केबलच्या चाचणीचा अहवाल आणि स्विच व पीएलसीमधील प्रोग्रॅमची प्रत कारखान्याच्या ताब्यात आली पाहिजे, एवढे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. पुरवठादारांनाही याचा जाच होणार नाही, कारण आज कागद नसल्यामुळे प्रत्येक बिघाडाला त्यांनाच धावत यावे लागते आणि दोष त्यांचा नसला तरी त्याचे पैसे मिळत नाहीत.

केबलच्या चाचणीबाबत एक खरी अडचण आहे. बाजारात मिळणारे दिव्यांचे छोटे टेस्टर आठ तारा योग्य क्रमाने जोडल्या आहेत की नाही एवढेच दाखवतात. एका जोडीचा दुसरीत होणारा शिरकाव, परत उलटणारा सिग्नल आणि लांबीमुळे होणारी घट मोजणारे उपकरण इतके महाग असते की एका लहान कारखान्याने ते विकत घेणे व्यवहार्य नाही. अशी उपकरणे सामाईकपणे वापरता यावीत, यासाठीच तर क्लस्टरसारख्या संस्था असतात. अंबड येथील नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरने असे एक उपकरण आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस माफक भाड्याने उपलब्ध करून द्यावा, अशी माझी जाहीर विनंती आहे.

दुसरी विनंती तंत्रशिक्षण संस्थांना आहे. सातपूरची आयटीआय, शासकीय तंत्रनिकेतन आणि शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांतून दरवर्षी जी मुले-मुली बाहेर पडतात, त्यांना स्टार-डेल्टा स्टार्टर डोळे मिटून जोडता येतो आणि ते कौतुकास्पद आहे. त्यांच्याच हाताखाली आता दोन वेगळ्या बनावटींचे पीएलसी, एक ड्राइव्ह, एक मॅनेज्ड स्विच आणि एक साधा स्विच बसवलेले टेबल यायला हवे. त्या टेबलावर मुद्दाम लूप करून पाहावा, एकच पत्ता दोन उपकरणांना देऊन काय होते ते पाहावे, शील्ड सोडून ड्राइव्ह चालवून पाहावा. वायरशार्क हे केबलवरून जाणारे संदेश उलगडून दाखवणारे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि मॉडबस, प्रोफिनेट, इथरकॅट या सगळ्यांचे संदेश त्यात वाचता येतात. त्यासाठी लागतो तो फक्त एक लॅपटॉप आणि संदेशांची प्रत एका पोर्टवर काढून देणारा स्विच. ज्याने बिघाड असा समोर घडताना पाहिला आहे, तो रात्रपाळीत पहाटेपर्यंत अंदाज बांधत बसणार नाही. इलेक्ट्रिशियन आणि आयटीचा माणूस या दोघांच्या मध्ये हे काम आज अनाथासारखे पडून आहे. इलेक्ट्रिशियनला वाटते की हे संगणकाचे काम आहे, आणि आयटीच्या माणसाला ड्राइव्ह म्हणजे काय हे कोणी शिकवलेले नाही. या मधल्या जागेसाठी मुले तयार केली तर त्यांना इथेच, पुण्या-मुंबईला न जाता, चांगली नोकरी मिळेल.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडचे बहुतेक कारखाने मेंटेनन्ससाठी बंद असतात. ज्या कारखान्यांकडे नेटवर्कचा नकाशा नाही त्यांनी येत्या सुट्टीत पॅनेल उघडून प्रत्येक केबल हाताने शोधावी, दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावावा, रिकाम्या पोर्टना टोपणे बसवावीत आणि काढलेला नकाशा पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा. या कामाला ना परवानगी लागते, ना मोठा खर्च. निमा आणि आयमाने सभासदांना तसे पत्र सुट्टीच्या महिनाभर आधी पाठवले, तर वायरमन आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्या वेळा ठरवायला कारखान्यांना पुरेसा अवधी मिळेल.

आपला विश्वासू,
एक कंट्रोल अभियंता,
अंबड, नाशिक